कंपनीचा विमा, कर्मचाऱ्याचा पगार

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या नोकरदारांच्या इनबॉक्समध्ये 'ओपन एनरोलमेंट'ची मेल येऊन पडते. पुढच्या वर्षी कोणती आरोग्य विमा योजना घ्यायची, नवरा-बायकोपैकी कुणाच्या कंपनीची बरी, मुलांची नावं कुणाच्या विम्यात घालायची, हे सगळं दोन-तीन आठवड्यांत ठरवायचं असतं. एडिसनला किंवा डॅलसला तुमचं कुणी राहत असेल, तर त्या दिवसांत फोनवर एक वाक्य हमखास कानावर येतं: "यंदा परत प्रीमियम वाढला."

वाढला हे खरंच. केएफएफ ही संस्था दरवर्षी अमेरिकेतल्या कंपन्यांची पाहणी करते. तिच्या २०२५ च्या आकड्यांनुसार नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता २६,९९३ डॉलर होता. रुपयांत साधारण २३-२४ लाख. त्यातले सरासरी ६,८५० डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात आणि उरलेले वीस हजार कंपनी भरते.

आरोग्यसेवा इतकी महाग का, असं तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं तर तो औषध कंपन्यांना नावं ठेवतो, विमा कंपनीला तर ठेवतोच ठेवतो, आणि बिल ताजं असेल तर रुग्णालयालाही. आपल्या मालकाचं नाव सहसा या यादीत येत नाही. मालक बिचारा विमा देतोय, वरून त्यालाही महागाईचा फटका बसतोय, अशी साधारण समजूत. केएफएफनेच २०२३ मध्ये विमाधारकांची एक पाहणी केली होती. तीत ८१ टक्के लोकांनी आपला विमा 'चांगला' किंवा 'उत्कृष्ट' असल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत ५८ टक्के लोक म्हणाले की गेल्या वर्षभरात विमा वापरताना काही ना काही अडचण आली. विम्याबद्दल समाधान आहे, त्रासही आहे, पण कंपनीला कुणी फारसं काही विचारत नाही.

माझ्या मते विचारायला हवं. कारण या सगळ्या व्यवहारातली खरी गिऱ्हाईक कंपनी आहे आणि ती जो पैसा खर्च करते तो बराचसा कर्मचाऱ्याचाच आहे. मात्र कंपनी हा खर्च खरोखर कमी करायला निघाली की सगळ्यात आधी कर्मचारीच नाराज होतात. गुंता आहे तो इथे.

नोकरी आणि विमा यांची गाठ कुणी मारली?

कुणी ठरवून मारलेली नाही. १९२९ साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर रुग्णालयाने शाळाशिक्षकांसाठी एक योजना काढली. महिन्याला ५० सेंट भरायचे, आजारी पडलात तर वर्षात २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय. मंदीच्या काळात रिकाम्या खाटांची बिलं कोण भरणार, ही रुग्णालयाची विवंचना होती आणि शिक्षकांना एकदम मोठा खर्च अंगावर येण्याची धास्ती होती. दोघांचंही भागलं. पुढे देशभर पसरलेल्या 'ब्लू क्रॉस' विम्याचं मूळ यात आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये सरकारने महागाई रोखण्यासाठी पगारवाढ गोठवली. तरुण मंडळी सैन्यात गेलेली, कारखान्यांना माणसं मिळेनात आणि जास्त पगार देऊन ती खेचायची तर कायद्याने बंदी. त्यात एक फट राहिली होती. विम्याचा हप्ता पगारात धरला जात नव्हता. कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने या रकमेवर कर्मचाऱ्याला प्राप्तिकर नाही, हे पक्कं केलं. शंभर डॉलर पगार म्हणून मिळाले तर कर कापून सत्तर-ऐंशी हातात येतात. तेच शंभर विम्याच्या रूपात मिळाले तर पूर्ण मिळतात. एवढा फायदा दिसल्यावर मागे कोण वळणार? आज सुमारे १५ कोटी अमेरिकी लोकांचा विमा त्यांच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी नोकरीला बांधलेला आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वेगळी वाट निघाली. तिथे महामंडळ सरकारी, दवाखाने त्याचे आणि पगारातून किती टक्के जाणार हे कायद्यात ठरलेलं. अमेरिकेत खरेदीदार कंपनीच राहिली.

कंपनी भरते ते वीस हजार कुणाचे?

बहुतेक अर्थतज्ज्ञ याचं एकच उत्तर देतात: कर्मचाऱ्याचे. एखाद्या माणसाला कामावर ठेवायचं तर एकूण किती खर्च परवडेल, हा आकडा कंपनी आधी धरते. त्यातून विमा, निवृत्तिवेतनाचा वाटा वगैरे वजा करून उरतो तो पगार. विम्याचा खर्च फुगला की पगारवाढ आक्रसते. कुणाच्याही पगारपत्रकावर 'विमा महागला म्हणून यंदा वाढ दोन टक्के कमी' असं छापलेलं नसतं, म्हणून ते दिसत नाही.

हा नुसता तर्क नाही. १९९४ साली जोनाथन ग्रुबर या अर्थतज्ज्ञाने बाळंतपणाचा खर्च विम्यात घालण्याची काही राज्यांत सक्ती झाली तेव्हा काय घडलं हे तपासलं. ज्यांना या सोयीचा उपयोग होणार होता त्यांच्याच पगारातून तिचा खर्च बऱ्याच अंशी वसूल झाला होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयांच्या विलीनीकरणांकडे पाहिलं गेलं. दोन रुग्णालयं एक होतात, स्पर्धा संपते, दर वाढतात. त्या भागातल्या, आरोग्यक्षेत्राशी काही संबंध नसलेल्या कंपन्यांचं काय होतं? दर एक टक्का वाढले तर अशा कंपन्यांमधला एकूण पगारखर्च आणि नोकऱ्या सुमारे ०.४ टक्क्यांनी घटतात. म्हणजे गावातली रुग्णालयं एकत्र झाल्याची किंमत ज्याने त्या रुग्णालयाची पायरीही चढलेली नाही असा कामगार मोजतो, कधी पगारात तर कधी थेट नोकरी गमावून.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांना आपल्यापुरता हा आकडा पाहता येतो. जानेवारीअखेर डब्ल्यू-२ हा पगार आणि कराचा फॉर्म हातात पडतो. त्यात बारा क्रमांकाची चौकट असते आणि तिच्यात 'डीडी' अशा दोन अक्षरांपुढे एक रक्कम छापलेली असते. मोठ्या कंपन्यांना ती छापावीच लागते. तुमचा आणि कंपनीचा वाटा धरून वर्षभरात तुमच्या विम्यावर झालेला तो एकूण खर्च. त्यावर कर नसल्यामुळे विवरणपत्र भरताना कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

याची आणखी एक बाजू मला जास्त टोचते. कौटुंबिक विमा व्हाइस प्रेसिडेंटला घ्या नाहीतर त्याच इमारतीतल्या सफाई कर्मचाऱ्याला, खर्च जवळपास तेवढाच. तीन लाख डॉलर पगारापुढे २७ हजार काहीच नाहीत. ४५ हजारांपुढे ते निम्म्याहून जास्त होतात. महागड्या आरोग्यसेवेचा भार सगळ्यात जड पडतो तो कमी पगाराच्या माणसावर, आणि योजना कोणती असावी हे ठरवणाऱ्या बैठकीत तो कधीच नसतो.

पण क्लेम तर विमा कंपनी नाकारते ना?

नाकारते ती, पण पैसे बहुतेक वेळा तिचे नसतात.

अमेरिकेत नोकरीतून विमा मिळणाऱ्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी साधारण दोघे 'सेल्फ-फंडेड' योजनेत असतात. अर्थ असा, की आजारपणाची बिलं कंपनी स्वतःच्या तिजोरीतून भरते. कार्डावर नाव एखाद्या बड्या विमा कंपनीचं छापलेलं असलं तरी ती फक्त कामकाज पाहते. रुग्णालयांशी दर ठरवायचे, कागद तपासायचे, पैसे वळते करायचे. आपल्याकडे मेडिक्लेमचं काम पाहणाऱ्या टीपीएला सगळे ओळखतात. तिथली बलाढ्य विमा कंपनी या योजनांपुरती टीपीएच असते.

सोसायटीचं उदाहरण घेतलं की हे चटकन लक्षात येईल. समजा सोसायटीने इमारतीच्या डागडुजीसाठी एक एजन्सी नेमली. प्लंबर तीच आणते, वॉटरप्रूफिंगवाला तीच ठरवते, बिलंही तीच तपासते. चेक मात्र सोसायटीच्या खात्यावरचा, आणि त्या खात्यात पैसा सभासदांच्या मेंटेनन्सचा. गच्ची गळायला लागली आणि एजन्सीचा माणूस म्हणाला, "हे काम करारात बसत नाही," की सगळा मजला त्याच्यावर तुटून पडतो. पण करार केला कमिटीने, दरही मान्य केले कमिटीने. तीन कोटेशनं मागवली होती का, हे वार्षिक सभेत कुणी विचारलं नाही. एजन्सीला तिची फी घरामागे ठरलेली मिळते. प्लंबरने दुप्पट बिल लावलं म्हणून तिच्या खिशाला चाट बसत नाही, त्यामुळे घासाघीस करायची तिला तशी काही घाई नसते.

अमेरिकी कंपनी म्हणजे ही कमिटी. १९७४ च्या 'एरिसा' कायद्याने तर तिच्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. योजनेचा पैसा सभासदांच्या हिताचाच विचार करून, जाणत्या माणसाच्या काळजीने खर्च करायचा. निवृत्तिवेतनाच्या पैशाबाबत कंपन्या ही जबाबदारी गंभीरपणे घेतात, कारण तिथे वर्षानुवर्षं खटले झाले आहेत. आरोग्य विम्याच्या पैशाबाबत परवापरवापर्यंत ती कुणाच्या फारशी गावीही नव्हती.

दर नेमके किती फुगलेत?

मोजायचं तर माप हवं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठी 'मेडिकेअर' ही सरकारी योजना आहे आणि कोणत्या उपचाराला रुग्णालयाला किती द्यायचं हे तिचे दरपत्रक ठरवतं. रँड या संशोधन संस्थेने कंपन्यांचे दर याच मापाने मोजले. २०२२ च्या आकड्यांनुसार मेडिकेअर जिथे १०० डॉलर देतं तिथे नोकरी देणाऱ्या कंपन्या आणि खासगी विमा कंपन्या मिळून सरासरी २५४ डॉलर देत होत्या. खाट तीच, नर्स तीच, शस्त्रक्रियाही तीच.

मेडिकेअरचे दर परवडत नाहीत म्हणून आम्हाला बाकीच्यांकडून भरून काढावं लागतं, असं रुग्णालयं म्हणतात. काही ठिकाणी, विशेषतः ग्रामीण भागात, यात तथ्य आहे. पण राज्याराज्यांतला फरक पाहिला की हा युक्तिवाद लंगडा पडतो. आर्कान्सा किंवा मिशिगनमध्ये हेच दर मेडिकेअरच्या दुपटीच्या आत आहेत आणि न्यूयॉर्क, फ्लोरिडा, वेस्ट व्हर्जिनियात तिपटीच्या वर. तिथली माणसं जास्त आजारी आहेत किंवा उपचार तितके सरस आहेत, असं काही या फरकातून दिसत नाही. फरक पडतो तो स्पर्धेने. एका भागातली बहुतेक रुग्णालयं एकाच मालकीची झाली की ती म्हणतील तो दर.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या सटर हेल्थ या रुग्णालय समूहावर हाच आरोप होता. आमची सगळी रुग्णालयं घ्या, नाहीतर एकही मिळणार नाही, अशा अटी विमा करारांत घातल्याचा. तक्रार घेऊन २०१४ मध्ये पहिल्यांदा कोर्टात गेला तो किराणा दुकानांतल्या कामगारांची संघटना आणि त्यांचे मालक मिळून चालवत असलेला विमा निधी. पुढे राज्याचे महाधिवक्तेही त्यात उतरले. सटरने चूक कबूल केली नाही, पण ५७.५ कोटी डॉलर देऊन आणि अटी बदलण्याचं मान्य करून तडजोड केली. २०२१ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली. मोठमोठ्या आयटी कंपन्यांचं माहेरघर असलेल्या भागात ही लढाई सुरू केली ती भाजी-किराणा विकणाऱ्यांनी.

मग कंपन्यांनी आजवर केलं काय?

बहुतेकींनी सोपा मार्ग धरला: कर्मचाऱ्याचा वाटा वाढवला. 'डिडक्टिबल' म्हणजे वर्षातला सुरुवातीचा अमुक इतका खर्च आधी स्वतः करायचा, विमा त्यानंतर. एकट्या माणसासाठी ही रक्कम आता सरासरी १,९०० डॉलरच्या घरात आहे. यामागचा विचार असा, की खिशातून पैसे जायला लागले की माणूस चार ठिकाणी चौकशी करेल. प्रत्यक्षात छातीत कळ आली की कोण चौकशी करत बसतो! एमआरआयसारख्या तपासणीचे दर विचारावेत म्हटलं तरी डॉक्टर लिहून देतात तिथेच माणूस जातो. लोक स्वस्त जागा शोधत नाहीत, तपासणीच पुढे ढकलतात.

दुसरा मार्ग 'वेलनेस'चा. वजन कमी करा, पावलं मोजा, गुण मिळवा. इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच हजारो कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून याची परीक्षा घेतली. वैद्यकीय खर्चात म्हणावा असा काही फरक पडला नाही.

वेस्ट व्हर्जिनियात २०१८ साली जे झालं ते मी मुद्दाम थोडं सविस्तर सांगतो. तिथे शाळाशिक्षकांचा मालक राज्य सरकार. विम्याचा खर्च वाढला म्हणून राज्याच्या योजनेने शिक्षकांना 'गो-३६५' नावाचं ॲप फोनवर घ्यायला सांगितलं. रोजची पावलं, व्यायाम, वजन वगैरेची नोंद करून गुण जमवायचे आणि नाही जमले तर महिन्याला २५ डॉलर जास्त भरायचे. पगार देशात तळाच्या जवळचा, त्यात ही पाळत. शिक्षक भडकले. ॲपची सक्ती मागे घेतली गेली, पण तोवर वेळ निघून गेली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस राज्यातल्या ५५ च्या ५५ काउंट्यांमधल्या, म्हणजे जिल्ह्यांमधल्या, शाळा बंद पडल्या. शाळेचे नऊ दिवस संप चालला, पाच टक्के पगारवाढ पदरात पडली आणि विमा योजनेचा प्रश्न एका समितीकडे गेला. रँडच्या यादीत रुग्णालयांचे दर मेडिकेअरच्या तिपटीहून जास्त असलेल्या राज्यांमध्ये वेस्ट व्हर्जिनियाचं नाव आहे हे वर आलंच. दर रुग्णालयाचे चढलेले आणि पावलं मास्तरांची मोजायची!

बड्या कंपन्यांनाही दर पाडता येत नाहीत?

सगळ्यात मोठा प्रयत्न झाला तो जानेवारी २०१८ मध्ये. ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन या तिघांनी मिळून आपल्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यखर्च आटोक्यात आणण्यासाठी नवी कंपनी काढली. पुढे तिचं नाव 'हेवन' झालं. प्रमुख म्हणून आले डॉ. अतुल गावंडे. शल्यविशारद, लेखक, वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. पैसा होता, माणसं नावाजलेली होती, तिन्ही कंपन्यांचे मिळून दहा लाखांहून जास्त कर्मचारी होते. गावंडे मे २०२० मध्ये प्रमुखपदावरून बाजूला झाले आणि २०२१ च्या सुरुवातीला हेवनने गाशा गुंडाळला.

दहा लाख कर्मचारी देशभर विखुरलेले असले की एका शहराच्या वाट्याला काही हजार येतात. तिथल्या रुग्णालय समूहाला तेवढे गिऱ्हाईक गेल्याने फरक पडत नाही. कंपनी कितीही मोठी असो, रुग्णालयाशी सौदा त्या त्या गावातच होतो.

म्हणूनच जिथे यश आलं ती ठिकाणं वेगळी आहेत. माँटाना राज्याची कर्मचारी विमा योजना डबघाईला आली होती. मॅरिलिन बार्टलेट या अधिकारी बाईंनी हिशेब उलटा धरला. रुग्णालयाने दर सांगायचा आणि आपण त्यावर सवलत मागायची, हे बंद. मेडिकेअरच्या सरासरी २३४ टक्के देऊ, घ्यायचं तर घ्या. २०१६ मध्ये ते लागू झालं. एक मोठं रुग्णालय शेवटपर्यंत अडून बसलं होतं. त्याला वळवण्यात मोठा वाटा होता तो कर्मचारी संघटनांचा. सभासदांनी फोन केले, पत्रं लिहिली. ओरेगॉनने २०१९ पासून राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी मेडिकेअरच्या दुपटीची मर्यादा घातली. रुग्णालयं योजनेतून बाहेर पडतील अशी भीती होती, पण तसं झालं नाही आणि पहिल्या सव्वादोन वर्षांत १० कोटी डॉलरहून अधिक वाचले.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. इमारतींचे दरवान, सफाई कामगार, सुरक्षारक्षक यांच्या '३२ बीजे' या संघटनेचा आपला विमा निधी आहे. त्यांनी बिलांचा अभ्यास केला आणि न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियन हे शहरातलं बडं, नावाजलेलं रुग्णालय महाग पडतं म्हणून २०२२ पासून यादीतून काढून टाकलं. वाचलेल्या पैशाचा पुढच्या करारात पगारवाढीला आणि बोनसला हातभार लागला. आरोग्यखर्च आणि पगार एकाच थैलीतून निघतात हे इथे उघड दिसलं, कारण थैलीवर कामगारांचाही हात होता.

"पण माझा डॉक्टर सोडायला सांगू नका"

आता कर्मचाऱ्यांच्या बाजूची अडचण. कंपनीने दर कमी करून घ्यावेत, हे सगळ्यांना हवं असतं. पण घासाघिशीत जोर येतो तो 'नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो' म्हणता आलं तर. ते म्हणायचं म्हणजे काही रुग्णालयं यादीतून, म्हणजे 'नेटवर्क'मधून, वगळायची तयारी हवी. आणि नेमकं वगळलेलं रुग्णालय तेच असतं जिथे कुणाच्या तरी मुलीचा जन्म झालेला असतो किंवा कुणाच्या वडिलांची केमो चालू असते.

हे १९९० च्या दशकात घडून गेलं आहे. तेव्हा 'एचएमओ' योजनांची लाट आली. ठरावीक डॉक्टर, ठरावीक रुग्णालयं, तज्ज्ञाकडे जायचं तर आधी परवानगी. खर्च आटोक्यात आला. १९९६ मध्ये हप्ते जेमतेम ०.८ टक्के वाढले होते. पण लोक चिडले. परवानग्या नाकारल्याच्या कहाण्या घरोघरी पोचल्या, राज्यांनी कायदे केले, कंपन्यांनीही माघार घेऊन यादी पुन्हा मोकळी केली. २००३ मध्ये हप्त्यांची वाढ १३.९ टक्क्यांवर गेली होती. सगळी वाढ त्याचीच होती असं नाही, पण लगाम सुटला हे खरं. तेव्हापासून बहुतेक एचआर विभागांनी धडा घेतला: यादीला हात लावू नका, हप्ता वाढवा. हप्त्याबद्दल लोक कुरकुरतात, पण डॉक्टर काढला तर नोकरी सोडतात.

मला यात कर्मचाऱ्यांची चूक वाटत नाही. एचएमओच्या काळात पैसे वाचले ते कुठे गेले, हे त्यांना कुणी दाखवलं नाही. दरवानांना बोनस दिसला. आयटीतल्या इंजिनिअरला त्याचं नेटवर्क छोटं करून पगारात काहीच दाखवलं नाही, तर तो का ऐकेल? शिवाय महाग रुग्णालय म्हणजे चांगलं, ही समजूत पक्की आहे. रँडच्या आकड्यांत दर आणि दर्जा यांचा घट्ट संबंध दिसत नाही, हे कंपनीने समजावून सांगायला हवं. ती सहसा एक चकचकीत पीडीएफ पाठवते.

कंपनीला कोर्टात खेचता येईल का?

प्रयत्न सुरू झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यू जर्सीच्या केंद्रीय न्यायालयात जॉन्सन अँड जॉन्सनवर तिच्याच एका कर्मचाऱ्याने दावा लावला. कंपनी औषधांच्या खरेदीत हयगय करते, असा आरोप होता. दाव्यातलं ठळक उदाहरण मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या एका जेनेरिक औषधाचं. नव्वद दिवसांच्या गोळ्या विमा न दाखवता दुकानात शंभर डॉलरच्या आत मिळतात आणि त्यालाच योजनेने दहा हजारांहून जास्त मोजले, असं म्हणणं. कंपनीने आरोप नाकारले. मधले व्यवहार पाहते ती 'पीबीएम', औषधांच्या खरेदीची मध्यस्थ कंपनी. देशातल्या सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनचे व्यवहार अशा तीन कंपन्या हाताळतात आणि त्या तिन्हींच्या समूहात एकेक विमा कंपनीही आहे.

जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मुख्य दावा फेटाळला. दर योग्य होते असं न्यायालय म्हणालं नाही. कर्मचाऱ्याने वर्षभरात स्वतः भरायची कमाल रक्कम तशीही भरून झाली होती, औषध स्वस्त असतं तरी त्या कर्मचाऱ्याच्या खिशातून तेवढेच गेले असते, म्हणून भरपाई कशाची द्यायची, असा मुद्दा होता. महागड्या औषधखरेदीमुळे हप्ता वाढला असेल हे म्हणणंही न्यायालयाला अंदाजापुरतंच वाटलं. वेल्स फार्गो या बँकेवरचा असाच दावा दोन महिन्यांनी फेटाळला गेला. सगळ्यांच्या पगारातून थोडं थोडं गेलेलं नुकसान एकाच्या नावावर सिद्ध करता येत नाही, ही मोठी पंचाईत आहे.

तरी या दाव्यांनी कंपन्यांना जाग आणली. कारण २०२१ पासून एक कायदा त्यांच्या हातात आहे. त्याआधी रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्या करारांत 'दर गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत' अशी कलमं असत. म्हणजे बिल भरणाऱ्या कंपनीलाच दर माहीत नसत! आता ही कलमं बेकायदा आहेत. आमच्या करारात असं काही नाही, हे योजनेला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सरकारला लिहून द्यावं लागतं. विमा आणणाऱ्या दलालालाही कुणाकडून किती मिळतात ते कंपनीला सांगावं लागतं.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या कुणालाही पुढच्या ओपन एनरोलमेंटच्या बैठकीत हे विचारता येईल: आपली योजना सेल्फ-फंडेड आहे का? आपण जवळच्या रुग्णालयाला मेडिकेअरच्या किती पट देतो? औषध कंपन्यांकडून मिळणारी सूट योजनेत जमा होते की पीबीएमकडे राहते? ३१ डिसेंबरचा कागद आपण भरला, पण बिलांचे आकडे विमा कंपनीकडून प्रत्यक्ष मागवले का, आणि मागवले असतील तर ते पाहिले कुणी?